खाजगी की सरकारी? मुंबईत दोन्हीकडे काम केलेल्या डॉक्टरचं उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी खाजगी कंपनीत नोकरी करतो. आयकर भरतो, वर मेडिक्लेमचा हप्ताही भरतो. सरकारी रुग्णालयांची अवस्था बघता त्यांच्यावर आणखी पैसा का ओतायचा? खाजगी रुग्णालयं नफ्यासाठी का होईना, पण स्पर्धा करतात आणि त्यातून सेवा सुधारते. अमेरिकेतली वैद्यकीय सेवा एवढी पुढे गेली ती याचमुळे ना? शिवाय आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची आहे. ती कुठे करावी?"

मी फिजिशियन आहे. उमेदीची वर्षं महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात गेली, नंतर उपनगरांतल्या खाजगी रुग्णालयांत काम केलं आणि अजून करतो. दोन्हीकडे चांगली माणसं भेटली. त्यामुळे "खाजगी डॉक्टर लुटारू, सरकारी डॉक्टर देवमाणूस" किंवा याच्या उलट असं काही मी लिहिणार नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, ते आधी तपासू. या दोन वेगवेगळ्या व्यवस्था शेजारी शेजारी चालतात आणि एक दुसरीपेक्षा सरस ठरते, असं तुम्ही धरून चालला आहात. मुंबईत तसं नाही. इथे एकीचा तोटा दुसरीच्या दारात आणून सोडला जातो.

हे कसं होतं ते सांगतो. न्यूमोनिया झालेला चाळिशीचा माणूस घराजवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल होतो. डिपॉझिट भरलं जातं, आयसीयू सुरू होतं. चार-पाच दिवसांत मेडिक्लेमची मर्यादा संपते, मग बायकोचे दागिने, मग भावाचा पीएफ. पैसे आटले की एका संध्याकाळी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगितलं जातं, "पेशंट क्रिटिकल आहे, मोठ्या हॉस्पिटलला हलवा." मोठं हॉस्पिटल म्हणजे महापालिकेचं केईएम, सायन, नायर, कूपर किंवा राज्य सरकारचं जेजे. रुग्णवाहिका रात्री कॅज्युअल्टीत पोहोचते. सोबतच्या चिठ्ठीवर "पुढील उपचारांसाठी" एवढंच असतं. कोणती अँटिबायोटिक्स दिली, मूत्रपिंडं कधी बिघडली, याचा पत्ता नसतो. दोन रात्री न झोपलेला रजिस्ट्रार, म्हणजे निवासी डॉक्टर, त्या माणसाला घेतो, कारण तिथे "खाट नाही" म्हणून दार लावून घेता येत नाही. खाट नसेल तर दोन खाटांच्या मध्ये गादी पडते.

आता याचा हिशेब पाहा. सोपे पहिले दिवस, ज्यांत पैसा मिळतो, ते खाजगीकडे जमा झाले. डायलिसिसचे, व्हेंटिलेटरचे, महागड्या औषधांचे पुढचे आठवडे शहराने सोसले. माणूस दगावला तर तो मृत्यूही महापालिकेच्या खात्यावर. मग कोणीतरी दोन्ही इमारतींचे फोटो शेजारी ठेवून म्हणतं, "बघा, खाजगी किती स्वच्छ आणि सरकारीत किती गर्दी!" ती गर्दी कुठून आली, हे फोटोत दिसत नाही. केईएमच्या स्वतःच्या माहितीप्रमाणे तिथे १८०० खाटा आहेत आणि वर्षाला सुमारे १८ लाख बाह्यरुग्ण येतात. नफा हवा असलेली कोणतीही संस्था अशी रांग दारात उभी राहू देणार नाही.

नफ्याबद्दल बोलताना लोक लगेच डॉक्टरच्या चारित्र्यावर येतात. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. महत्त्वाचं हे की त्या इमारतीत काय मोजलं जातं. शेअर बाजारात नोंदलेल्या रुग्णालय कंपन्या दर तिमाहीला गुंतवणूकदारांना एक आकडा सांगतात: भरलेल्या प्रत्येक खाटेमागे रोजचं उत्पन्न किती. हा आकडा वाढला की शेअर वधारतो. सरळ दर वाढवणं सोडलं तर तो वाढवायचे मुख्य मार्ग दोन. एक तर प्रत्येक रुग्णावर जास्त तपासण्या आणि प्रक्रिया करायच्या, नाही तर जास्त पैसे देणाऱ्या आजारांचे रुग्ण घ्यायचे आणि बाकीच्यांना लवकर घरी पाठवायचं. मी जिथे काम केलं त्यांपैकी एका ठिकाणी महिन्याच्या बैठकीत प्रत्येक कन्सल्टंटचे आकडे पडद्यावर लावत. ओपीडीत किती पाहिले, त्यांतले दाखल किती झाले, एमआरआय किती लिहिले. कोणी कोणाला "खोटं ऑपरेशन करा" असं म्हणत नसे. तशी गरजच नसते. सहा महिने खालच्या रांगेत नाव दिसलं की माणसाचा हात आपोआप एक तपासणी जास्त लिहायला लागतो. आणि ज्याचा हात तसा वळत नाही, त्याचा करार पुढच्या वर्षी वाढत नाही.

याची खूण आकड्यांत दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सरकारी संस्थांमधली सिझेरियनची टक्केवारी १४.३ होती, खाजगी संस्थांमध्ये ४७.४. सगळा फरक नफ्याचा आहे असं मी म्हणणार नाही. खाजगीत येणाऱ्या बायकांचं वय थोडं जास्त असतं, काही जणी स्वतः सिझेरियन मागतात, आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञच नसल्यामुळे हवं असलेलं सिझेरियनही होत नाही. पण अवघड, गुंतागुंतीच्या बाळंतिणी शेवटी सरकारीतच पाठवल्या जातात, हेही त्याच तराजूत घाला. मग तिपटीहून मोठ्या फरकाचं कारण वैद्यकशास्त्रात सापडत नाही.

"पण ग्राहक निवडू शकतो की," असं तुम्ही म्हणाल. लॅमिंग्टन रोडवर टीव्ही घ्यायचा तर चार दुकानं फिरता येतात, किंमत पटली नाही तर उठून जाता येतं, पुढच्या महिन्यात घेतला तरी चालतं. छातीत कळ येऊन घामाने निथळणारा माणूस यातलं काय करू शकतो? अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच हे मांडलं होतं: आजार कधी येईल ते माहीत नसतं, उपचार बरोबर होता की नाही हे रुग्णाला नंतरही कळत नाही, आणि काय विकत घ्यायचं हे विकणाराच ठरवतो. अशा ठिकाणी बाजाराचे नेहमीचे नियम चालत नाहीत. ॲरो हे बाजारद्वेष्टे नव्हते. बाजाराच्या गणितातल्या कामासाठीच पुढे १९७२ चं नोबेल त्यांना मिळालं.

मग रुग्णालयं स्पर्धा कशात करतात? बऱ्याचदा रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला खूश ठेवण्यात. ज्याला आपण सगळे "कट" म्हणतो, तो या स्पर्धेतूनच येतो. लॅब, स्कॅन सेंटर, शस्त्रक्रिया, सगळ्यांत वाटा. २०१७ मध्ये महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटला (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीला) किंमतीची मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत तोवर लाख-सव्वा लाखाच्या घरात असायची, ती २९,६०० रुपयांवर आली. मधला पैसा कोणाकडे जात होता, तेही प्राधिकरणाने मांडलं होतं: सर्वांत मोठा हिस्सा रुग्णालयांच्या पातळीवर राहत होता. कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करत होत्या ती रुग्णालयाला जास्त मार्जिन देण्याची, म्हणून स्पर्धा जितकी तीव्र तितकी रुग्णाची किंमत चढत गेली. तुमच्या "स्पर्धेने सेवा सुधारते" या वाक्यापुढे हे उदाहरण ठेवून बघा.

आता ज्यात कोणाला नफाच नाही, त्या कामांकडे येतो. मला सर्वांत जास्त तळमळ याचीच आहे.

क्षयरोग घ्या. १९९१ मध्ये धारावी परिसरातल्या १०० खाजगी डॉक्टरांना क्षयाची औषधयोजना लिहायला सांगितली, तर त्यांनी ८० वेगवेगळ्या योजना लिहिल्या. २०१० मध्ये मुंबईचे छातीविकारतज्ज्ञ झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच अभ्यास पुन्हा केला. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि फक्त ६ डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती. हे डॉक्टर वाईट नव्हते. चाळीच्या तोंडाशी रात्री दहापर्यंत दवाखाना उघडा ठेवणारे, पन्नास-शंभर रुपयांत तपासणारे लोक. पण प्रत्येक जण आपल्या दुकानात एकटा. रुग्ण सहा महिने औषध घेतो की नाही हे बघायला त्याला ना वेळ, ना कोणी पैसे देतं. दोन महिन्यांत बरं वाटलं की रुग्ण औषध सोडतो, पैसेही वाचतात. जंतू मात्र औषधाला सरावतो आणि लोकलच्या डब्यात शेजारच्याच्या फुप्फुसात जातो. मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचं आज जे रूप आहे, त्यामागे हे मोठं कारण आहे. यावरचा चांगला उपायही मुंबईत करून पाहिला गेला: २०१४ पासून खाजगी डॉक्टरकडे जाणाऱ्या क्षयरुग्णांना मोफत औषधं, मोफत तपासण्या आणि शेवटपर्यंत पाठपुरावा. डॉक्टर खाजगीच राहिला, पण रुग्णाची नोंद आणि औषधाची जबाबदारी त्याच्या एकट्याची राहिली नाही. "सर्वांसाठी आरोग्यसेवा" म्हणजे सगळे डॉक्टर सरकारी नोकर करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रयोग पाहावा.

दुसरं उदाहरण मुंबईतल्याच परळचं. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांसोबत एक मोठा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मिअर, म्हणजे पेशी घेऊन प्रयोगशाळेत तपासणं, सगळीकडे पोहोचवणं शक्य नव्हतं. मग दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी सुरू केली. सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग दिसला तर पुढे पाठवायचं. दर दोन वर्षांनी हे केल्यावर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथल्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे ठेवले. ज्या गटाची तुलनेसाठी तपासणी केली नाही त्यावरून नैतिक आक्षेपही घेतले गेले आणि ते गंभीर आहेत. पण तपासणी उपयोगी आहे, हे सिद्ध झालं. आता सांगा, व्हिनेगरची तपासणी कोणतं कॉर्पोरेट रुग्णालय जाहिरात करून विकेल? त्यात विकण्यासारखं काहीच नाही. विकता येतो तो पुढचा, हाडापर्यंत गेलेला कॅन्सर. रक्तदाब वेळेवर पकडणं, मधुमेहीचे पाय दर वेळी बघणं, गर्भवतीचं हिमोग्लोबिन वाढवणं, ही सगळी कामं याच जातीची. चांगली झाली तर रुग्णालयाची खाट रिकामी राहते.

अमेरिकेचं विचारलंत. तिथल्या मोठ्या केंद्रांमधलं संशोधन आणि काही आजारांवरचे उपचार खरोखर उत्तम आहेत. मात्र त्या मूलभूत संशोधनाचा फार मोठा भाग सरकारी पैशावर चालतो. देश म्हणून पाहाल तर अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के भाग आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन आणि कॅनडा ११-१२ टक्क्यांच्या आसपास. तरीही सरासरी अमेरिकन माणूस त्यांच्यापेक्षा काही वर्षं कमी जगतो आणि अडीच कोटींहून जास्त लोकांकडे विमाच नाही. पैसा जातो कुठे? चढ्या दरांत, आणि एकमेकांशी बिलांवरून भांडणाऱ्या विमा कंपन्या व रुग्णालयांच्या कचेऱ्यांत. आपल्याकडे टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीपाशी डिस्चार्जच्या दिवशी सहा-सहा तास बसलेली कुटुंबं बघतो तेव्हा वाटतं, नेमकी ही गोष्ट आपण तिथून उचलली.

ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा तो देश युद्धाने कंगाल झालेला होता. अन्नावर रेशनिंग होतं. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात तर १९६२ मध्ये डॉक्टर संपावर गेले. २०२३ मध्ये राजस्थानात आरोग्य हक्काचा कायदा आला तेव्हा रस्त्यावर उतरलेले डॉक्टर बघून मला तेच आठवलं. आज त्याच ब्रिटनमधले आणि कॅनडातले डॉक्टर आपली सार्वजनिक सेवा मोडू नये म्हणून बोलतात. तिथे सगळं गोड आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये ठरवून करायच्या उपचारांची प्रतीक्षायादी २०२३ मध्ये ७० लाखांच्या वर होती. गुडघ्यासाठी वर्षभर थांबणं हे दुःखच आहे. पण त्या यादीतल्या कोणाला घर विकावं लागत नाही, आणि यादी किती लांब आहे हे दर महिन्याला जाहीर होतं म्हणून सरकारला तिचं उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे पैशाअभावी गुडघा तसाच घासत बसलेल्या बायका कोणत्याच यादीत नाहीत.

"ते श्रीमंत देश आहेत" हा आक्षेप येतोच, म्हणून थायलंड. २००१-०२ मध्ये त्यांनी ३० बाटची योजना आणली: दर भेटीला ३० बाट द्यायचे, बाकी सरकार बघेल. रुग्णालयाला प्रत्येक बिलामागे नव्हे, तर त्याच्याकडे नोंदलेल्या माणशी ठरावीक रक्कम मिळते. त्यामुळे माणूस निरोगी ठेवण्यात रुग्णालयाचा फायदा. आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा भाग तिथे एक-तृतीयांशाच्या आसपास होता, तो पुढे दहा टक्क्यांच्या आसपास आला. आपला तोच भाग राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. सुधारणा आहे, मी ती नाकारत नाही. पण सरकारचा खर्च त्या वर्षीही सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात आपणच २०२५ पर्यंत अडीच टक्के करू म्हटलं होतं. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या जोसेफ भोर यांच्या आरोग्य समितीने तर १९४६ मध्येच सांगून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये. म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, आणि ब्रिटनची सेवा सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी.

आपण त्याऐवजी विम्याची वाट धरली. आयुष्मान भारत, महात्मा फुले जन आरोग्य योजना. या योजनांनी माझ्या डोळ्यांदेखत जीव वाचले आहेत, विशेषतः हृदय, डायलिसिस आणि कॅन्सरमध्ये. तरी दोन भोकं आहेत. पहिलं, या योजना मुख्यतः दाखल झाल्यावरच लागू होतात. सामान्य कुटुंबाचा पैसा गळतो तो ओपीडीत आणि औषधांच्या दुकानात, महिन्यामागून महिना. दुसरं, पॅकेजचा दर परवडला नाही की योजनेत नाव असलेलं खाजगी रुग्णालयही "त्या योजनेच्या खाटा भरल्यात" असं सांगू शकतं, आणि ते खरं की खोटं हे रात्री अकरा वाजता नातेवाइकाने कसं तपासायचं?

सरकारी रुग्णालयांची अवस्था वाईट आहे, हे तुमचं म्हणणं मी पुसून टाकणार नाही. मी तिथे राहिलो आहे. एमआरआयची तारीख काही महिन्यांनंतरची मिळते. औषध "शेड्यूल"वर, म्हणजे रुग्णालयाच्या यादीत, असतं पण कपाटात नसतं, मग "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी निघते, आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला फाटकाबाहेरच्या केमिस्टकडे जावं लागतं. स्ट्रेचर ढकलायला मामा (वॉर्डबॉय) नसतो, रात्री चाळीस-पन्नास रुग्णांमागे दोन सिस्टर असतात. पदं रिकामी ठेवायची, कंत्राटावर माणसं घ्यायची, निविदा महिनोन्महिने अडकवायच्या, आणि मग सेवा चालत नाही म्हणून ती खाजगीकडे द्यायची, हा क्रम मी जवळून पाहिला आहे. औषधाची चिठ्ठी तरी टाळता येण्यासारखी आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. जेवढी तरतूद तेवढी औषधं रुग्णालय स्वतः उचलतं. हे करायला कुठलं नवं विज्ञान लागत नाही.

माझ्या मते खरं दुखणं असं आहे की तुमच्यासारखी माणसं तिथून निघून गेली. केईएम १९२६ मध्ये उभं राहिलं तेच भारतीय डॉक्टरांच्या हाती रुग्णालय असावं या आग्रहातून. देशातल्या पहिल्या शास्त्रीय नोंद असलेल्या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म १९८६ मध्ये तिथेच झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून. गिरगाव-दादरची शिकलेली कुटुंबं तेव्हा तिथल्या ओपीडीत बसत. पंखा बंद असला तर नगरसेवकाकडे जात, वर्तमानपत्रात पत्र लिहीत. मेडिक्लेम आल्यावर ती मंडळी उठून गेली आणि तक्रार करायला मागे राहिले ते लोक, ज्यांचं कोणी ऐकत नाही. फक्त गरिबांसाठी ठेवलेली सेवा टिकाऊपणे चांगली राहिल्याचं मी कुठे पाहिलेलं नाही. म्हणून "सर्वांसाठी" यातला "सर्व" हा भाग माझ्यासाठी मोफतपेक्षाही महत्त्वाचा आहे.

आणि मुंबईने हे एकदा केलं आहे. कोविडच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात, राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणात घेतल्या आणि दर बांधून दिले: साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. पाठोपाठ महापालिकेच्या २४ विभागांत वॉर रूम सुरू झाल्या आणि खाट कोणाला द्यायची हे तिथून ठरू लागलं. त्यात गोंधळ झाले, पीपीई किटच्या नावाखाली वाढीव बिलंही लागली. तरी पहिला प्रश्न "डिपॉझिट किती भरता?" ऐवजी "ऑक्सिजन किती आहे?" असा झाला होता. मी इतकी वर्षं या शहरात डॉक्टरी केली, पण सरकारी आणि खाजगी खाटा एका यादीत तेव्हाच पाहिल्या. साथ ओसरल्यावर ती यादी बंद झाली. ती हवी आहे, विशेषतः आयसीयूसाठी.

तेव्हा तुमचा कर कशासाठी, याचं माझं उत्तर: रात्री ती रुग्णवाहिका शेवटी जिथे जाते, ते दार उघडं राहावं यासाठी. पाच लाखांचा मेडिक्लेम आयसीयूत किती दिवस पुरतो ते एकदा कोणाला तरी विचारा. साठीनंतर हप्ता कसा वाढतो, तेही. मोठा भाजलेला रुग्ण, लोकलखाली पाय गेलेला मुलगा, कमी वजनाचं जुळं, यांना कोणताही विमा पुरत नाही, आणि ती वेळ कोणत्या घरावर येईल याचा उत्पन्नाशी संबंध नाही.

आता तुमच्या आईंचा गुडघा. ही ठरवून करायची शस्त्रक्रिया आहे, घाई नाही, त्यामुळे इथे तुम्हाला खरोखर निवड आहे. आधी ती आत्ताच हवी का, यावर दुसरं मत घ्या आणि ते शक्यतो महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयातल्या ऑर्थोपेडिक ओपीडीत घ्या. तिथल्या डॉक्टरचा पगार तुमच्या होकार-नकारावर अवलंबून नाही. सकाळी लवकर जा, जुने एक्स-रे न्या. वजन आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांनी बऱ्याच जणींचं एक-दोन वर्षं लांबतं. शस्त्रक्रिया लागणारच असेल तर तिथे नाव नोंदवून प्रतीक्षा किती ते विचारा. सहा महिने थांबणं आईंना झेपणार असेल, तर तिथले सर्जन अनुभवात कोणापेक्षा कमी नसतात. शुश्रूषेला मात्र घरचं माणूस चोवीस तास लागेल, हे धरून चाला.

खाजगीत करायचं ठरलं तर लेखी अंदाजपत्रक घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटला २०१७ च्या ऑगस्टपासून किंमतीची मर्यादा आहे, त्यामुळे इम्प्लांटचा स्टिकर केसपेपरवर लावून मागा आणि पॅकेजमध्ये "कन्झ्युमेबल्स"च्या (एकदाच वापरायच्या वस्तूंच्या) नावाने काय आहे ते ओळीने वाचा. मेडिक्लेममध्ये खोलीच्या भाड्याची मर्यादा आहे का बघा; मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर अनेक पॉलिसींत भाड्याच्या फरकाबरोबर बिलातले डॉक्टरांच्या फीसारखे इतर खर्चही त्या प्रमाणात कापतात. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार नर्सिंग होमने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं आहे, ते मागायला लाजू नका.

आणि तुमच्या ओळखीत, तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई असोत की सोसायटीचे वॉचमन, कोणाला मोठा उपचार लागला तर एवढं सांगा: धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने ठरवलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत टाकावी लागते. मुंबईतली कितीतरी नामांकित, झगमगीत रुग्णालयं या नियमात येतात. रिसेप्शनवर विचारलं तर नीट उत्तर मिळेलच असं नाही. थेट तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यायचा. नकार दिला तर तो लेखी मागायचा आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्यायची. त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः गेलात तर काम लवकर होतं.